तेराव्या नंबरचे पैसे

बर्टीनं मला ते सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात पावासारखं मऊ अर्धं बिस्किट होतं आणि उरलेल्या अर्ध्यावरची ग्रेव्ही शर्टावर सांडायच्या बेतात होती.

"मी यंदा ओपनमध्ये नाव घातलंय," ती म्हणाली.

"दरवर्षी घालतेसच की."

"ज्येष्ठांच्या गटात नाही रे. खऱ्या ओपनमध्ये. तरण्या पोरींच्यात."

मी बिस्किट गिळलं. ओपन म्हणजे आमच्या गावची डिस्क गोल्फची स्पर्धा, आणि तिच्यातला वय न बघणारा खुला गटही. बर्टी उनरू त्रेसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिनं वॉलनट बेंडमध्ये पायी टपाल वाटलं. त्यातली पंधरा वर्षं ती माझी बायको होती. आता नाही. आता आम्ही चार गल्ल्या अंतरावर राहतो आणि सकाळचा नाश्ता मात्र एकत्र करतो. लग्नात आम्हाला जे जमलं नाही ते नाश्त्याला छान जमतं. तिचा उजवा गुडघा पार झिजलाय, नोव्हेंबरमध्ये तो बदलायची तारीख मिळालीय, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"वेड लागलंय तुला," मी म्हणालो. "ज्येष्ठांच्यात डोळे मिटून फेकलंस तरी पहिली येशील. ओपनमध्ये त्या पोरी चारशे फूट फेकतात."

"फेकू देत. डिस्क टोपलीत पडायला हवी, चारशे फूट गेली म्हणून कुणी पैसे देत नाही."

पैशांचा विषय तिथंच निघाला. बर्टीचा एक हट्ट आहे आणि तो मला बरीच वर्षं माहीत आहे. ऐंशीच्या दशकात तिनं महिलांच्या ओपन गटात बक्षिसाचे पैसे घेतले. नव्वदच्या दशकात घेतले. दोन हजारनंतर घेतले, त्यानंतरच्या दशकातही घेतले. हे दशक तेवढं कोरं राहिलं होतं. नव्या गुडघ्यानं पुन्हा कधी वळता येईल, येईल की नाही, हे डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत नव्हता.

"प्रवेश फी किती?" मी विचारलं.

"दोनशे पंचवीस."

"डॉलर?"

"नाही, अंडी," ती म्हणाली. "टल्साला मी पहिली आले तेव्हा पंधरा डॉलर फी होती आणि पहिलं बक्षीस एकशेवीस. आता नुसतं मैदानात पाऊल ठेवायला त्या बक्षिसाच्या जवळपास दुप्पट मोजायचे! म्हणून म्हणते, परत मिळवायला हवेत."

बर्टी जिंकलेले पैसे आकड्यांनी फार लक्षात ठेवत नाही, वस्तूंनी ठेवते. टल्साचं बक्षीस म्हणजे आमच्या पहिल्या खोलीचं महिन्याचं भाडं. विचिटाचं तिसरं बक्षीस म्हणजे जुना फ्रिज, जो अजून तिच्या गॅरेजात गुरगुरतोय. कॅन्सस सिटीला चौथी आली तो तिचा मागचा दात. आणि शेवटचं, पन्नाशी उलटल्यावर मिळवलेलं, म्हणजे गाडीचे चार टायर. ती खरंच सांगते, "हा दात मी डाव्या वळणाच्या फेकीवर बसवलाय."

"कॅडी कोण? पिशवी कोण उचलणार?" मी विचारलं.

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "बरं."

वॉलनट बेंड ओपन आमच्या गावचा सगळ्यात मोठा सोहळा. ओढ्याकाठचं जुनं उद्यान, त्यात अठरा लोखंडी टोपल्या, टोपल्यांवर लोंबणाऱ्या साखळ्या. ताटलीसारखी डिस्क साखळ्यांवर आदळून टोपलीत पडायला हवी, आणि सगळ्यात कमी फेकी लागतील तो जिंकतो. खेळाडू चाळीस राज्यांतून येतात. गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांचं जेवण असतं, गल्ल्यात पैसे टाकायचे आणि ताट घ्यायचं. गावातल्या रॅट्झलफचा थोरला मुलगा रात्रभर धुरावर ठेवलेलं मांस कापतो, आणि बर्टी कोबी-खिम्याचे बन आणते, आमच्याकडे त्यांना बीरॉक म्हणतात. त्यांच्यासाठी रांग लागते आणि बर्टी रांगेवर लक्ष ठेवते, कारण काही पुरुष दोनदा येतात.

आमच्या बाकावर एक उंच मुलगी येऊन बसली. टेगन ओडगार्ड, मिनेसोटाची, बावीस वर्षांची. मार्चपासून व्हॅनमध्ये राहून गावोगाव खेळत होती. तिनं तीन बीरॉक घेतले होते. बर्टी काही बोलली नाही, यावरूनच कळलं की ती तिला आवडली.

"तुम्ही ओपनमध्ये खेळताय असं ऐकलं," टेगन म्हणाली. "खरंच?"

"का? जागा अडवली मी कुणाची?"

"नाही नाही!" ती लाल झाली. "मला भारीच वाटलं. माझी आई तुमच्यापेक्षा लहान आहे आणि ती डबा उघडायलासुद्धा मला हाक मारते."

"डबा मीसुद्धा ह्यालाच देते उघडायला." बर्टीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "तेवढ्यासाठीच संबंध टिकवलेत."

मग बोलता बोलता टेगन म्हणाली, तिच्या मनात काही वाईट नव्हतं, "तुमच्या वेळी मजा असेल ना? पैशाचा ताण नाही, सहलीसारखं. आत्ता म्हणजे नुसता धंदा झालाय."

मी खाली ताटात बघितलं, कारण आता काय होणार ते मला माहीत होतं.

"सहल!" बर्टी म्हणाली. "अगं पोरी, टल्साच्या सहलीला आम्ही गेलो तेव्हा परत यायच्या पेट्रोलचे पैसे आमच्याकडे नव्हते. वेंडेल, होते का?"

"नव्हते," मी म्हणालो.

"चर्चच्या तळघरात झोपलो. जिंकले नसते तर हा तिथंच राहिला असता, अजून झाडत असता तळघर. बरं, तू सांग. ह्या वर्षी कुठं जिंकलीस?"

"एप्रिलमध्ये. टल्सालाच," टेगन म्हणाली. "दुसरी आले. अकराशे."

"आणि घरभाडं?"

"घर कुठाय? पण मैत्रिणीबरोबर खोली घ्यायची म्हटलं तर माझ्या वाट्याला साधारण तेवढेच येतात."

"घे. माझे एकशेवीस म्हणजे महिन्याचं भाडं. तुझे अकराशे म्हणजे महिन्याचं भाडं. चाळीस वर्षं झाली."

टेगननं खाणं थांबवलं. "म्हणजे आपण आहोत तिथंच आहोत?"

"तू दुसरी आलीस, मी पहिली आले होते. तेवढी पुढं गेलीस."

मग मी माझं एक पुराण लावलं, ते मी दरवर्षी लावतो. आमच्या थोडं आधी तिकडे कॅलिफोर्नियात खेळण्यांच्या एका कंपनीनं या खेळात भरमसाट पैसा ओतला होता. कुणी एवढे घेऊन गेला, कुणी तेवढे, अशा गोष्टी आम्ही तरुणपणी ऐकायचो. आम्हाला वाटलं हे आता दरवर्षी होणार, दर वर्षी वाढत जाणार. मी तर बापाला सांगितलं होतं की धान्याच्या कोठारावर मी फार दिवस काम करणार नाही. कंपनीचं मन उडालं, पैसा आटला, आणि मी त्या कोठारावर सदतीस वर्षं काम केलं.

"म्हणजे बक्षिसं सरळ चढत नाही गेली?" टेगननं विचारलं.

"छे. एकदम वर, मग तोंडावर आपटून खाली, मग वीस वर्षं गुडघ्यावर रांगत," मी म्हणालो. "आत्ता कुठं उभी राहिलीत. तीही वरच्या चारपाच जणांसाठी. त्यांना डिस्क बनवणारे पगार देतात, व्हिडिओवाले पैसे देतात. बाकीचे तुझ्यासारखे व्हॅनमध्ये."

"पण एक फरक आहे," बर्टी म्हणाली, "आणि तो मोठा आहे. आमचं बक्षीस कुणाचं होतं? आमचंच. पुरुष-बायका सगळ्यांनी एकाच गल्ल्यात पंधरा पंधरा टाकायचे, जिंकेल तिनं उचलायचे. टल्साला मी जिंकले ते माझ्या मैत्रिणीचे, ल्युसीलचे पैसे. ती मला टाळ्या वाजवत होती आणि तिच्या घरी जायच्या पेट्रोलचे पैसे माझ्या खिशात! काय तोंडानं घेऊ? म्हणून त्यानंतर आम्ही दोघी खेळायच्या आधीच ठरवायचो, कुणीही जिंकलं तरी निम्मे निम्मे. तुझे पैसे तसे नाहीत. दुकानदार देतात, बघणारे देतात, फी असते तीही थोडी. तू खुशाल घे. कुणाच्या घरची चूल विझत नाही."

टेगननं रिकामी ताटली पुढं केली. मग तिनं विचारलं, "आणखी एक बीरॉक मिळेल?"

"मिळेल," बर्टी म्हणाली.

शुक्रवारी हवा शांत होती आणि शांत हवा म्हणजे बर्टीला शिक्षा. पोरी लांब लांब फेकत होत्या आणि ती मागून दोन फेकींत तिथं पोचत होती. बत्तीस बायकांत दिवसअखेर विसावी. फोनवर जी यादी दिसते तिच्यात एक आडवी रेघ असते. रेघेच्या वर पैसे, खाली टाळ्या. ती रेघ तेराव्या नावाखाली होती.

"विसावी," मी म्हणालो.

"वाचता येतं मला. उद्या वारा आहे."

शनिवारी वारा आला. आमच्या वाऱ्याबद्दल मी काही सांगत नाही, इथं राहणाऱ्याला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला पटत नाही. वाऱ्यात डिस्क वर उचलली गेली की ती आपली राहत नाही. पोरींच्या डिस्क वर जात, थबकत आणि ओढ्यापलीकडच्या मक्यात जाऊन बसत. बर्टी एक जुनी, कडक, कडा झिजलेली डिस्क घेऊन सगळं खालून फेकत होती, गवताला चाटून जाईल इतकं खालून. एकतीस वर्षं ती ह्याच वाऱ्यात हातात कागद धरून चालली होती. संध्याकाळी ती चौदावी होती, रेघेच्या एकच फेक खाली. आणि रेघेवर, तेराव्या नावाशी, टेगन ओडगार्ड. तिची व्हॅन शनिवारी सकाळी सुरूच झाली नव्हती, हे मला तिथंच कुणीतरी सांगितलं. अल्टरनेटर गेला होता, आणि पुढच्या आठवड्यात तिला टेक्ससला पोचायचं होतं.

रविवारी दोघी एकाच चौकडीत आल्या. बाकी दोन मुली ओरेगॉनच्या होत्या, चांगल्या खेळायच्या, पण फोनवर बघत चालायच्या.

पहिल्या दहा टोपल्यांत फार काही घडलं नाही. बर्टीनं एक फेक भरून काढली आणि टेगनला गाठलं. अकराव्या टोपलीपाशी पुढचा गट अडकला होता, त्यांची डिस्क झाडावर होती आणि कुणीतरी ती पाडायला बूट फेकत होतं. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. बर्टी गुडघा चोळत होती. टेगन तिच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, मी पिशवीत तोंड घालून बसलो होतो तरी मला ऐकू आलं.

"बर्टी, तुम्ही आणि ल्युसील करायचात तसं करू या का? आपल्यापैकी जिला मिळतील तिनं निम्मे दुसरीला."

बर्टी गुडघा चोळतच राहिली. मला वाटलं हो म्हणेल. मी तिच्या जागी असतो तर म्हणालो असतो.

"नाही," ती म्हणाली.

"बरं. सॉरी."

"सॉरी कशाला? ऐक. ल्युसील आणि मी वाटून घ्यायचो कारण आम्ही दोघी कफल्लक होतो आणि पैसे आमचेच होते. पण त्यापायी काय झालं ते मी जेवताना सांगितलं नाही. सलायना गावच्या स्पर्धेत आम्ही दोघी पहिल्या-दुसऱ्या होतो, शेवटच्या चार टोपल्या राहिलेल्या. निम्मे तर मिळणारच होते. मी सैल पडले, ती सैल पडली. हसत खिदळत खेळलो. आणि मागून नेब्रास्काची एक पोरगी आली आणि कप घेऊन गेली. ल्युसील आयुष्यात परत कधी तेवढी जवळ आली नाही. कपाच्या."

"पण माझी व्हॅन…"

"व्हॅनचं गावातला गॅरेजवाला ड्वेन बघेल, त्याला मी सांगितलंय. तो पार्टचे तेवढे घेईल. तू मला हरवायचा विचार कर. त्रेसष्ट वर्षांच्या म्हातारीशी बरोबरीत आहेस तू, आणि वर निम्मे मागतेस? लाज वाटू दे जरा!"

टेगन कानापर्यंत लाल झाली. बूट झाडावर अडकला आणि डिस्क खाली पडली, आणि पुढचा गट निघाला, त्यातली एक जण एकाच बुटावर लंगडत. टेगन उठली, तिनं डिस्क घेतली आणि अशी फेकली की वाऱ्यालाही बाजूला व्हावं लागलं. बाराव्याला तिनं एक फेक वाचवली. चौदाव्याला एक. पंधराव्याला लांबून, आडव्या वाऱ्यात, थेट साखळ्यांत. ओरेगॉनच्या मुलींनी फोन खिशात टाकले.

"खूश?" मी बर्टीला विचारलं. "स्वतःच्या हातानं पेटवलीस तिला. आता ती गेली वर आणि तू लोंबकळतेयस रेघेवर."

"चांगली खेळतेय ना?"

"फारच चांगली."

"मग गप. पाणी दे."

अठराव्या टोपलीपाशी शे-दीडशे माणसं जमली होती. शेवटची टोपली तळ्याच्या अगदी काठावर, तळं ओलांडून फेकायचं, वारा समोरून. टेगन आता नववी-दहावी होती, निर्धास्त. मी फोन बघितला. आमच्या आधी खेळून संपवलेली एक मुलगी तेराव्या नंबरवर होती. बर्टीनं शेवटची टोपली चार फेकींत केली तर ती त्या मुलीच्या पुढं, एकटी तेरावी. पाच लागल्या तर दोघी बरोबरीत, म्हणजे तेराव्या नंबरचे पैसे दोघींत वाटून. सहा लागल्या तर काहीच नाही.

पहिली फेक तिनं खालून, सरळ टाकली. दुसरी फेक तळ्याआधी थांबवली. गर्दीतून कुणी ओरडलं, "टाक की पलीकडं, बर्टी!" तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, "तू ये, तू टाक." लोक हसले. तिसरी तळ्यावरून. ती चांगली निघाली होती, पण पलीकडं समोरच्या वाऱ्यानं तिला हवेत उचलून धरलं आणि ती तरंगत टोपलीच्या मागं तीस फुटांवर जाऊन पडली.

म्हणजे आता उलटं फेकायचं होतं. टोपली समोर, तिच्यामागं लगेच तळं, आणि वारा बर्टीच्या पाठीवर. पाठीवरचा वारा डिस्कला खाली दाबतो. टोपली चुकली तर डिस्क कडेवर उभी राहते, गाडीच्या चाकासारखी घरंगळते आणि पाण्यात जाते.

मी तिच्याजवळ गेलो. "जवळ नेऊन ठेव," मी हळू आवाजात म्हणालो. "पाच कर. निम्मे तर निम्मे. दशक तर भरतंय ना? पैसे घेतले म्हणजे घेतले."

"अकराव्याला मी त्या पोरीला काय सांगितलं?"

"तिला सांगितलंस, तुला नाही."

"वेंडेल, बाजूला हो. तुझी सावली पडतेय."

सावली पडत नव्हती, ढग होते. पण मी बाजूला झालो.

ती पाय फाकवून उभी राहिली, कारण एक पाय पुढं टाकून वजन घ्यायला गुडघा तयार नव्हता. साखळ्या वाऱ्यानं आपोआप वाजत होत्या. तिनं साखळ्यांकडं बघितलंच नाही. टोपलीच्या वरच्या पिवळ्या पट्टीकडं बघितलं, तिच्याही वर कुठंतरी, रिकाम्या हवेत. आणि तिथं फेकली.

क्षणभर मला वाटलं, गेली वरून. मग वाऱ्यानं तिला दाबलं आणि ती पट्टीच्या खाली, साखळ्यांच्या माथ्यावर आदळली. डिस्क दोनदा हलली आणि आत बसली.

लोक ओरडले. मीही ओरडलो असणार, कारण नंतर घसा दुखत होता. टेगन धावत आली आणि बर्टीला उचलायला गेली. "गुडघा! गुडघा!" बर्टी किंचाळली, आणि मग दोघी तशाच गळ्यात गळा घालून लंगडत तळ्याच्या कडेनं बाहेर आल्या.

बक्षिसं द्यायची जबाबदारी नॅडीन प्रूएटची. गेली सहा वर्षं ती स्पर्धा चालवते. तिनं सांगितलं, "बर्टी, तीनशे दहा डॉलर. उद्यापर्यंत फोनवर येतील."

"फोनवर?"

"ॲपमध्ये. सगळ्यांना तसंच जातात."

"नॅडीन, मी चार दशकं हातात पैसे घेतलेत. मला हातात दे."

"बर्टी, माझ्याकडे रोख नाहीये गं."

"जेवणाच्या गल्ल्यात आहे. बीरॉकचे. मी स्वतः घातलेत त्यात."

शेवटी नॅडीननं गल्ला उघडला. पाच-पाच, दहा-दहाच्या नोटा होत्या, काहींना तेल लागलं होतं. बर्टीनं त्या न मोजता घडी करून टोपीत ठेवल्या.

आम्ही बाकावर बसलो. मला राहवलं नाही. मी फोन काढला आणि हिशेब केला. "बर्टी, तुझे टल्साचे एकशेवीस आजच्या भावानं बघितले तर तीनशे साठ होतात. आज मिळाले तीनशे दहा. आणि तेव्हा फी पंधरा होती, आजच्या भावानं पंचेचाळीस. आज दोनशे पंचवीस. म्हणजे तू सरळसरळ तोट्यात आहेस."

"तेव्हा मी पहिली आले होते."

"तेच म्हणतोय. पहिली येऊन मिळाले ते—"

"टल्साला आम्ही बायका किती होतो, सांग."

मी आठवून बघितलं. "तू, ल्युसील, ती जोप्लिनची नर्स… आणि तिची वहिनी."

"चौघी. वहिनी तर नर्सला सोबत म्हणून आली होती, तिला डिस्क कशी धरतात तेही येत नव्हतं. पहिलीला एकशेवीस, दुसरीला साठ, तिसरीला, म्हणजे ल्युसीलला, सोड्याची क्रेट. तेराव्या बाईला किती मिळाले?"

"तेरावी नव्हतीच."

"तेरावी नव्हतीच. आज तेराव्या बाईला तीनशे दहा मिळाले आणि तिच्याखाली एकोणीस जणी रडतायत. तो फोन काय सांगतो याचं? त्याला विचार."

टेगन हसत सुटली. "आणि पहिलीला चोवीसशे," ती म्हणाली. "पुरुषांत पहिल्याला सहा हजार."

"ते मी विसरले नाहीये," बर्टी म्हणाली. "त्यावर नॅडीनला बोलायचंय मला. आत्ता नाही, आत्ता ती गल्ल्यावरून चिडलीय. मंगळवारी."

आणि मंगळवारी ती खरंच गेली. तिथं काय झालं ते मला नाश्त्याला कळलं. नॅडीन म्हणाली, पुरुष शंभर येतात, बायका बत्तीस, जेवढी फी तेवढं बक्षीस. बर्टी म्हणाली, मग बायका आणू. नॅडीन म्हणाली, कुठून? बर्टी म्हणाली, ते माझ्यावर सोड, पण दुकानदारांनी दिलेले पैसे पुढच्या वर्षीपासून दोन्हीकडं सारखे वाट, ते काही पुरुषांच्या फीमधून येत नाहीत. नॅडीननं विचार करते म्हणून सांगितलं. नॅडीन विचार करते म्हणाली म्हणजे होतं, ती नाही म्हणायची असेल तर तोंडावर म्हणते.

टेगननं पाचशे वीस घेतले, नवव्या नंबरचे. ड्वेननं अल्टरनेटर बसवला आणि खरोखरच फक्त पार्टचे पैसे घेतले, वर तिच्याकडून एक सही केलेली डिस्क मागून घेतली. ती टेक्ससला वेळेवर पोचली. तिथं पंधरावी आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. बर्टी तिची यादी रोज फोनवर बघते आणि मला वाचून दाखवते, मी विचारलेलं नसताना.

गुडघा नोव्हेंबरमध्ये बदलला. मी आठवडाभर तिच्या सोफ्यावर झोपलो आणि आम्ही पुन्हा लग्न केलं नाही ते किती बरं केलं याची दोघांनाही खात्री पटली. फिजिओथेरपीवाला तिला म्हणाला, रोज शंभर पावलं चाला. तिनं त्याला आपण पूर्वी काय काम करायचो ते सांगितलं, तेव्हापासून तो आकडा सांगत नाही.

मार्चमध्ये, जमीन वाळल्यावर, तिनं उद्यानात पाटी लावली. दर शनिवारी सकाळी बायकांसाठी सराव, फुकट, डिस्क नसल्या तरी चालेल. पहिल्या शनिवारी कोण येणार, असं मी म्हणालो होतो. शाळेतल्या दोन शिक्षिका आल्या. बँकेतली एक, तिच्या तीन मुली. ड्वेनची बायको आली आणि तिनं पहिलीच फेक मक्याच्या रिकाम्या शेतात घातली. ओढ्यापलीकडच्या शेतावरून एक आजीबाई आल्या, त्यांना वाटलं होतं बिंगो आहे, पण त्या थांबल्या. बाकीच्या धरून एकूण अठरा जणी झाल्या.

"वारा पाठीवर आहे," बर्टी त्यांना सांगत होती, नव्या गुडघ्यावर वजन टाकून, अगदी सरळ उभी राहून. "साखळ्यांकडं बघू नका. पिवळ्या पट्टीच्या वर बघा. आणि भीत भीत टाकू नका, सगळ्या भित्र्या डिस्क तळ्यात गेल्यात. वेंडेल, त्यांच्या डिस्क गोळा करून आण की, उभा काय राहिलायस?"

मी तळ्याकडं निघालो. बूट काढून हातात घेतले होते, कारण पहिल्या रांगेनं फेकलेल्या निम्म्या डिस्क आधीच पाण्यात होत्या.